जुळ्या होत्या म्हणून जिंकल्या, असं नका म्हणू

जुळ्या बहिणी, एक बोट आणि ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं, हे ऐकलं की आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच, "अगं जुळ्या त्या, एकमेकींच्या मनातलं कळत असणार, मग जमणार नाही तर काय!" मला या वाक्याचा खरंच राग येतो.

मी बोलतेय न्यूझीलंडच्या जॉर्जिना आणि कॅरोलाइन एव्हर्स-स्विंडेलबद्दल. जन्म १९७८ चा, हेस्टिंग्जचा. त्यांचा खेळ रोइंग, म्हणजे वल्हवण्याची शर्यत, आणि त्यातला प्रकार डबल स्कल्स. आपला दत्तू भोकनळ रिओला उतरला होता ते सिंगल स्कल्स, म्हणजे एकटा माणूस आणि दोन वल्ही, इथे तेच पण बोटीत दोघी, वल्ही चार आणि अंतर २००० मीटर. तोंड मागे, बोट पुढे. एकीला दुसरीची फक्त पाठ दिसते आणि दुसरीला तेवढीही नाही. सीट रुळावर सरकत असते, जोर पायांतून येतो, आणि वल्ही पाण्यात जायला जरा मागेपुढे झालं की बोटीचा तोल जातो, वेग तुटतो. हे रक्तात वगैरे नसतं हो, न्यूझीलंडच्या कारापिरो तलावावर डिक टोंक्ससारख्या कडक कोचच्या हाताखाली वर्षानुवर्षं पहाटे उठून घासावं लागतं तेव्हा येतं.

आणि घासलंच त्यांनी. २००२ ला सेव्हिलमध्ये वर्ल्ड चॅम्पियन, तिथेच ६:३८.७८ ही वेळ, जी पुढे बारा वर्षं जगातली बेस्ट राहिली. २००३ परत, २००४ ला अथेन्सचं गोल्ड, २००५ परत. पण २००६ ला जगज्जेतेपद गेलं, २००७ लाही गेलं, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आधीच्या सीझनमध्ये तर फॉर्म इतका हरवला की त्यांना कोणी फेव्हरिट धरत नव्हतं. आता सांगा, जुळेपण काय २००५ नंतर संपलं होतं का? त्याच दोघी, तीच बोट, तरी हरत होत्या ना?

बीजिंगची फायनल म्हणजे तर काय सांगू. जर्मनी पुढे, ब्रिटन पण तिथेच, या दोघी मागून आल्या आणि लाइन पार झाली तेव्हा कोण जिंकलं हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं, बोर्डाकडे बघत थांबल्या. न्यूझीलंड ७:०७.३२, जर्मनी ७:०७.३३. सेकंदाचा शंभरावा भाग! हिशेब केला तर जेमतेम पाच सेंटिमीटर, दोन किलोमीटर वल्हवून. ब्रिटन तिसरं, ७:०७.५५. महिला डबल स्कल्सचं ऑलिंपिक गोल्ड त्याआधी कोणीच राखलं नव्हतं. त्याच वर्षी दोघींनी रिटायरमेंट जाहीर केली.

अजून एक उदाहरण देते, जर्मनीच्या केर्स्टिन आणि मान्या कोवाल्स्की. याही जुळ्याच. २००० ला सिडनीत दोघी चौघींच्या बोटीत, गोल्ड. २००४ ला अथेन्समध्ये त्याच प्रकारात जर्मनीला परत गोल्ड, पण बोटीत फक्त केर्स्टिन, मान्या नाही. जन्मावरून सीट मिळत असती तर असं झालं असतं का?

मला वाटतं आपण जुळ्या मुलींना नीट बघतच नाही. घरी पाहुणे आले की "यातली हुशार कोण?" आणि काही करून दाखवलं की "जुळ्या ना, म्हणून". म्हणजे एकीचं क्रेडिट दुसरीला आणि दोघींचं देवाला! जॉर्जिना वेगळी रोअर होती, कॅरोलाइन वेगळी, दोघींना आपापलं शरीर रोज त्या लेव्हलला न्यायचं होतं आणि आदल्या दोन वर्षांची हार आपापली पचवायची होती.

ती बीजिंगची फायनल कुठे बघायला मिळाली तर नक्की बघा, निदान शेवटचे पाचशे मीटर. आणि बघून झाल्यावरही "जुळ्या म्हणून" असंच वाटत असेल तर या कमेंटमध्ये, मी भांडायला तयार आहे.