पेपर सोपा होता म्हणे!

वर्गातल्या सगळ्या मुलांना १००पैकी ९५च्या वर गुण पडले, तर "वा, सगळ्यांना आलं!" असं कुणी म्हणत नाही. "पेपर सोपा होता," असंच म्हणतात. शाळा फक्त शिकवण्यासाठी असते असं धरलं तर हे बोलणं विचित्रच. पण शाळेचं एक काम मुलांची चाळणी करणं हेही आहे, हे मान्य केलं की ते बरोबर बसतं.

आणि ही चाळणी पेपर काढण्याच्या तंत्रातच आहे. मोठ्या परीक्षांत प्रत्येक प्रश्नाचं भेदनमूल्य काढतात, म्हणजे तो प्रश्न वरच्या आणि खालच्या मुलांना किती वेगळं करतो याचा आकडा. उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे लावायच्या, वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के बाजूला काढायच्या. मुलं १०० असतील तर २७ आणि २७. समजा एक प्रश्न वरच्या गटात २४ जणांना आला आणि खालच्या गटात ९ जणांना. २४ वजा ९, भागिले २७, म्हणजे साधारण ०.५६. चांगला प्रश्न, ठेवा. (आकडा उणे आला तर आधी उत्तरसूची तपासा, बरेचदा तीच चुकलेली असते.) आता दुसरा प्रश्न घ्या, जो दोन्ही गटांतल्या सगळ्या ५४ जणांना आला. त्याचं भेदनमूल्य शून्य. ०.२च्या खालचे प्रश्न सहसा बदलतात नाहीतर काढून टाकतात. म्हणजे एखादा मुद्दा शिक्षकांनी इतका नीट शिकवला की तो सगळ्यांच्या डोक्यात बसला, तर अशा परीक्षेतून तोच मुद्दा गळण्याची शक्यता वाढते! प्रवेशपरीक्षेत हे ठीकच आहे, तिथे जागा मोजक्या असतात. घोळ होतो तो हीच सवय वर्गातल्या साध्या घटक चाचणीत शिरते तेव्हा.

प्रमाणपत्राचंही असंच. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३मध्ये दाखवलं की शिक्षणाने माणसाची कामाची क्षमता अजिबात वाढली नाही असं धरलं, तरी पदवीला बाजारात किंमत राहू शकते. अट एवढीच, की ती मिळवणं सक्षम माणसाला इतरांपेक्षा कमी जड जायला हवं. खऱ्या जगात शिक्षणाने क्षमता वाढतेच, त्यामुळे "पदवी म्हणजे नुसता कागद" असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण शेवटच्या वर्षाची परीक्षा न देता सोडलेल्याला अभ्यासाच्या प्रमाणात श्रेय मिळत नाही, हे आपण सगळेच बघतो.

दुसरं काम मुलं सांभाळण्याचं. याबद्दल बोलायला लोकांना उगाच संकोच वाटतो. किशोरवयात झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलतं, म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्ये शिफारस केली की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी ८.३०च्या आधी भरवू नये. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये तसा कायदा केला, तो लागू व्हायला २०२२ उजाडलं. आक्षेप कुठले होते? बसचं वेळापत्रक, पालकांच्या कामाच्या वेळा, शाळेनंतरचे खेळ. उशिरा शाळा भरल्याने मुलं कमी शिकतील, हा मुख्य मुद्दा नव्हताच.

तिसरं काम सगळ्यांना एका साच्यात आणण्याचं, आणि इथे इतिहास खरंच कडवट आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या वेल्सच्या अनेक शाळांत इंग्रजीऐवजी आपली वेल्श भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की तुकडा त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसाअखेर ज्याच्याकडे तो उरे त्याला शिक्षा. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातही ब्रेतों भाषेसाठी हाच प्रकार चाले. शिक्षकाला पाळत ठेवायची गरजच नाही, सुटका हवी असलेलं मूलच दुसऱ्याला पकडून देणार. कुठल्याही धड्यात हे छापलेलं नव्हतं, तरी त्या मुलांनी शाळेत सर्वांत पक्कं शिकलेलं बहुधा हेच असेल.

म्हणून हे सगळं कारस्थान आहे का? मला तसं वाटत नाही. बऱ्याच गोष्टी चारचौघांत बोलल्या गेल्या होत्या. १८७०चं प्राथमिक शिक्षण विधेयक मांडताना विल्यम फॉर्स्टर यांनी ब्रिटिश संसदेत सरळच सांगितलं की देशाची औद्योगिक भरभराट यावर अवलंबून आहे. मुलं सुरक्षित राहणं, अनोळखी लोकांत वावरायला शिकणं, यातही वाईट काही नाही. अडचण अशी की ही सगळी कामं एकाच वेळापत्रकात कोंबलेली आहेत आणि त्यांची टक्कर झाली की माघार शिकण्याला घ्यावी लागते.

तुमच्या शाळेत ही टक्कर कुठे होते हे बघायला एक कसोटी पुरते. विषय पूर्ण येतो पण हजेरी कमी, असं एक मूल घ्या. हजेरी पूर्ण पण विषय येत नाही, असं दुसरं. नियम कुणाला अडवतात आणि कुणाला पुढे ढकलतात, ते कागदावर लिहून काढा.

निदान घटक चाचणीतून चाळणी बाहेर काढता येते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे. एक-दोन आठवड्यांचा घटक शिकवायचा, छोटी चाचणी घ्यायची, ८० टक्क्यांसारखी रेषा आधीच ठरवायची. खाली राहिलेल्यांना तोच मुद्दा वेगळ्या रीतीने शिकवायचा आणि त्याच मुद्द्यावरच्या वेगळ्या प्रश्नांची दुसरी चाचणी द्यायची. तोवर बाकीच्यांना पुढचा धडा नाही, त्याच विषयातलं जास्त खोल काम. हे फसतं ते ठरलेल्या जागी. दुसऱ्या चाचणीत पहिलेच प्रश्न आले की मुलं उत्तरं पाठ करून येतात. पुन्हा शिकवणं म्हणजे तेच मोठ्या आवाजात सांगणं झालं, तर गुण हलत नाहीत. शिक्षकांना प्रत्येक घटकाला दोन पेपर काढायला वेळच दिला नाही, तर दोन महिन्यांत सगळं बंद पडतं. आणि पहिल्या चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकात धरले, की पालक लगेच विचारतात, "वर्गात पहिलं कोण आलं?"