चौथ्या मीटरचा हट्ट

शाळा-कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेत रोबोट आडवा झाला तर लोक हळहळतात आणि तो पुन्हा उभा राहिला की टाळ्या वाजवतात. सामना वरून टिपायला पालकांनी उभारलेली कॅमेऱ्याची काठी आडवी झाली तर कुणी टाळ्या वाजवत नाही. पण रोबोटची तपासणी होते, काठीची होत नाही. फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोट स्पर्धेच्या नियमांत सुरुवातीला रोबोट १८ इंचांच्या घनात बसावा लागतो. एखादी वायर जरी बाहेर डोकावली तरी पोरांना परत टेबलावर पाठवतात. आणि त्याच दारातून तेरा फुटांची काठी, डोक्यावर कॅमेरा घेऊन, कुणी न अडवता आत येते. तिच्यासोबत एक काका असतात.

या काठ्या मुळात कॅमेऱ्यासाठी जन्मलेल्या नसतात. जाळी काढायच्या झाडूचा लांब होणारा दांडा, झाडू काढून. रंगाऱ्याचा रोलरचा दांडा. स्टुडिओतला लाइटचा स्टँड, ज्याला लग्नाच्या सीझनमध्ये सुट्टी नसते आणि तशी खूणही अंगावर असते. सव्वा इंची पीव्हीसी पाइप, जो दोन मीटरपर्यंत पाइप असतो आणि त्यानंतर नमस्कार करतो. आणि बांबू. मला विचाराल तर या सगळ्यांत वाळलेला सरळ बांबू अव्वल: हलका, ताठ, आणि नळ्या जागी धरणारा कुठलाच खटका नसल्यामुळे सामन्याच्या मध्येच आखूड होत नाही. पण पोरांना बांबूची लाज वाटते. रोबोटला ॲल्युमिनियम आणि कॅमेऱ्याला बांबू, हे त्यांना शोभत नाही म्हणे.

वास्तविक सोलापूरकरांना उंच काठीचं शहाणपण शिकवावं लागू नये. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. ते पेलणारे आधीपासून सराव करतात, आणि मिरवणुकीत त्यांच्या आजूबाजूची माणसं डोळ्यांत तेल घालून असतात. काठीला वजन असतं, उंची असते आणि ती कलली तर कुठं जाईल, हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. महिन्याभरानं त्याच गावातला, बाराबंदी घालून मिरवणुकीत चाललेला माणूस स्पर्धेच्या हॉलमध्ये एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात चहाचा कप धरून उभा असतो.

"काका, हे पडेल."

"पडत नाही ओ. धरलोय की मी."

त्यांनी धरलेली असते, यात शंका नाही. पण त्यांच्या मुलीचा रोबोट गोल करतो तेव्हा टाळ्या वाजतात, आणि टाळीला दोन हात लागतात.

काठी लागतेच कशाला, हा प्रश्न मात्र उर्मटपणाचा आहे. ती लागते. पुण्यात बालेवाडीला २००८ साली आबू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबोट स्पर्धा झाली, तेव्हा विषयही गोविंदाचा होता; तिथं उंची गाठायचं काम रोबोटांकडे होतं, प्रेक्षक चढत्या पायऱ्यांवर निवांत बसून वरून पाहू शकत होते. आपल्या शाळांचे हॉल सपाट. बारा फूट बाय बारा फुटांचं मैदान जमिनीवर, भोवती दोन रांगा उभ्या माणसांच्या, आणि तिसऱ्या रांगेला फक्त पाठी दिसतात. त्यात एक रोबोट दुसऱ्याच्या मागं गेला की त्याने काय उचललं, काय टाकलं, काही कळत नाही.

किती उंची पुरे, हे मात्र कुणी मोजत नाही. मोजणं अवघड नाही. रोबोट साधारण ४६ सेंटिमीटर उंच धरा आणि तो मैदानाच्या मध्यावर उभा आहे असं समजा. कॅमेरा मैदानापासून ३ मीटर मागे, २ मीटर उंचीवर असेल, तर रोबोटच्या मागची जवळजवळ दीड मीटर जागा झाकली जाते. म्हणजे तिथं आणखी दोन रोबोट मावतील. तोच कॅमेरा दीड मीटर अंतरावर आणून ३ मीटर उंच केला की झाकलेली जागा ६० सेंटिमीटर उरते. ४ मीटर उंच आणि मैदानापासून १ मीटरवर आणला तर ३७. पाच मीटर केला तर २९. तिसऱ्या मीटरनं (आणि पुढे सरकण्यानं) जवळजवळ ८५ सेंटिमीटर मिळाले, चौथ्यानं २३, पाचव्यानं फक्त ८. तरी माणूस चौथ्या मीटरसाठी खटके सैल करत राहतो, कारण शेजारच्या टीमची काठी आपल्यापेक्षा वर गेलेली असते. काठ्यांची स्पर्धा मैदानाबाहेर वेगळीच चाललेली असते. तिला वेळेची मर्यादा नाही. लेन्सचंही तेच. ३ मीटरवरून अख्खं मैदान टिपायला आडवा सुमारे ५७ अंशांचा कोन लागतो. मोबाइलच्या साध्या मुख्य कॅमेऱ्यात तो असतो. दीडशे अंशांची लेन्स लावली की मैदान मधोमध इवलंसं आणि बाकी चित्रात हॉलचे पंखे येतात.

आता पडण्याबद्दल. तिपाई म्हटली की लोक निर्धास्त होतात, कारण तीन पाय कधी डगमगत नाहीत. डगमगत नाहीत हे खरं, उलटतात. तिपाईचा पाय मध्यापासून अर्धा मीटर लांब असला तरी दोन पायांच्या मधल्या दिशेने तिचा आधार निम्माच, म्हणजे पाव मीटर असतो. काठी दीड किलो, कॅमेरा आणि त्याचा पट्टा अर्धा किलो, तिपाई अडीच किलो: सगळं मिळून साडेचार किलो. खांद्याच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर, त्या कमकुवत दिशेने किती धक्का पुरतो? पाऊण किलोचा. गर्दीतून वाट काढणाऱ्या आजींची पिशवी त्याहून जड असते, कारण तिच्यात सगळ्या टीमचा डबा असतो: कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

यावर गावठी उपाय म्हणजे रंगाचा वीस लिटरचा डबा काँक्रीटने भरून त्यात पाइप रोवणे. वीस लिटर काँक्रीट सुमारे ४८ किलो भरतं. दोघांनी मिळून ते जिन्यावरून चढवायचं, एका पायरीचा कोपरा उडवायचा, आणि मग समाधानानं म्हणायचं की आता कोण पाडतंय बघू. पण डब्याचा तळ जेमतेम २६ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे आधार १३ सेंटिमीटरचा. हिशेब केला तर त्या ४८ किलोच्या डब्याला उलटवायला लागतो तेवढाच धक्का, खालच्या पायांवर २० किलो वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या तिपाईला लागतो: दोन्हीकडे चार किलोच्या आसपास. वजनापेक्षा पसारा कामाचा. वाळूच्या पाच-पाच किलोच्या चार पिशव्या चार पोरं खेळत खेळत नेतात आणि पायरी शाबूत राहते.

वाळूच्या पिशव्या दिसायला बऱ्या नसतात, म्हणून त्यांच्यावर चादर टाकली जाते. सोलापुरात कुठलीही कुरूप गोष्ट झाकायला चादर हाताशी असते, आणि ती अंगाला घट्ट विणलेली, वर्षानुवर्षं न फाटणारी असते, म्हणून कुणी काढतही नाही. चादरीखाली तिपाईचे तिन्ही पाय गडप होतात. लोक मोकळी जागा समजून तिथून जातात. चादर घालायचीच तर घरी घाला, झोपताना.

काठी उभी कोसळते तेव्हा टोकाशी काय होतं, हेही एकदा सांगून टाकतो. चार मीटरवरून अर्धा किलोचा कॅमेरा नुसता सुटून पडला तर जमिनीपाशी त्याचा वेग ताशी ३२ किलोमीटर होतो. तोच कॅमेरा काठीसकट, बुडाशी टेकून, आडवा कोसळला तर ताशी ३६. म्हणजे काठीला धरून पडणारा कॅमेरा सुटून पडणाऱ्यापेक्षा जोरात येतो. काठीचं वजनही त्याला पुढं ढकलत असतं. मैदानाची रुंदी ३.६६ मीटर. एक मीटरवर उभी चार मीटरची काठी तीन मीटर आत येते. तिथं रोबोट असतात, आणि सामना संपला की रोबोट उचलायला वाकलेली पोरं असतात.

खटक्यांच्या काठ्यांचा दोष वेगळा. पिळून घट्ट होणाऱ्या काठीत धूळ किंवा घाम गेला की आतली नळी हळूहळू खाली येते, एवढी हळू की कुणाला कळत नाही. अडीच मिनिटांच्या सामन्याचं पहिलं मिनिट मैदानाचं आणि शेवटचं मिनिट पहिल्या रांगेतल्या टकलांचं, अशी चित्रं त्यातूनच निघतात. जास्त पिळलं तर आतली प्लॅस्टिकची कडी तडकते. चिमट्यासारखा दाबायचा खटका बरा. त्याहून बरं म्हणजे जोडावर आरपार भोक पाडून एक ६ मि.मी.चा बोल्ट घालणं. आतली नळी निदान वीस सेंटिमीटर बाहेरच्या नळीत राहू द्या आणि तिथं रंगीत टेपची खूण करा. पॉवर बँक वर लटकवू नका. खाली ठेवलीत तर पाच मीटरच्या पातळ केबलमधून व्होल्ट इतके पडतात की कॅमेरा मध्येच मान टाकतो. जेवणाच्या सुट्टीत बॅटरी बदलणं हा कंटाळवाणा पण खरा इलाज. आणि काठी उभी करण्याआधी वर बघा. जुन्या हॉलचे पंखे तीन मीटरच्या आसपास फिरत असतात, आणि सोलापुरात पंखा बंद करा म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. मांडवात स्पर्धा असेल तर वरून विजेची तार गेलीय का ते पाहा. ॲल्युमिनियमची काठी तारेखाली उघडायचीच नाही.

न्यायाचा प्रश्न याहून नाजूक. लोक म्हणतात काठीमुळे मागच्यांना दिसत नाही. काठी दीड इंच जाड असते. तिच्या पायाशी उभे असणारे काका दीड फूट. तिपाईचा घेर एक मीटर, म्हणजे दोन खुर्च्या गेल्या. सहा टीमांनी सहा काठ्या लावल्या की पहिली रांग माणसांची राहत नाही.

खरी तफावत दिसण्याची नाही, पाहून ठेवण्याची आहे. पात्रता फेऱ्यांनंतर वरच्या क्रमांकाच्या टीमा अंतिम फेऱ्यांसाठी जोडीदार निवडतात. ज्यांच्याकडे काठी आहे त्यांच्याकडे सगळ्यांचे सगळे सामने असतात: कोण डावीकडूनच वळतो, कुणाचा हात तिसऱ्यांदा अडकतो. मोहोळ किंवा मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या टीमकडे एक मोबाइल असतो, त्याची मेमरी भरलेली असते आणि त्यावर सरांना फोनही येत असतात. रोबोट तोडीस तोड, आणि हरायचं काठीवर.

त्यात कॅमेरा स्वतःचं वायफाय काढतो. मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून एकाने ते चालू केलं की दुसराही करतो, आणि मैदानात रोबोटचा कंट्रोलही वायफायवरच चाललेला असतो. रोबोट दोन सेकंद थबकला तर दोष पोरांच्या प्रोग्रामला मिळतो. टीमांनी आपापलं वायफाय काढू नये असा नियम मोठ्या स्पर्धांत असतो. काठीवर टांगलेल्या कॅमेऱ्याचंही वायफाय असतं हे लक्षात येत नाही, कारण ते वर असतं. रंगाचंही तसंच. मैदानात टीमांच्या दोन आघाड्या असतात, एक लाल आणि एक निळी. एखाद्या रोबोटचा कॅमेरा रंग ओळखून चालत असेल आणि काठीच्या बुडाशी लालभडक टॉवेल पडला असेल, तर तो इमानाने टॉवेलकडे निघतो.

एवढं करून लोक व्हिडिओ घेऊन पंचांकडे जातात. "सर, बघा की, स्पष्ट दिसतंय." फर्स्ट टेक चॅलेंजच्या नियमांत मुख्य पंच कुठलाही व्हिडिओ किंवा फोटो, कुणाचाही, कुठल्याही कारणासाठी पाहत नाहीत. तेरा फूट वर चढून आणलेला पुरावा खालीच राहतो. मला हा नियम पटतो. नाहीतर ज्याची काठी उंच त्याचा निकाल, असं व्हायचं.

माझं म्हणणं एवढंच की एका मैदानाला काठी एक, आणि ती आयोजकांची. उंची ३ मीटर. शक्य तर हॉलच्या खांबाला किंवा गॅलरीच्या कठड्याला, एकमेकींपासून निदान ६० सेंटिमीटरवर दोन पकडी लावून. कॅमेऱ्याला पट्ट्याखेरीज नायलॉनची वेगळी दोरी, म्हणजे पट्टा तुटला तरी तो लोंबकळेल. खांब सोयीचा नसेल आणि तिपाईच हवी असेल, तर तिचा एक पाय प्रेक्षकांच्या दिशेने ठेवा, कारण पायाच्या दिशेने आधार दुप्पट असतो. मैदानाच्या बाजूला पडू नये म्हणून शेंड्यापासून दोन दोर मागच्या खांबांना, दोघांच्या मध्ये भरपूर फाक ठेवून बांधा. खांबावरची गाठ अडीच मीटरवर, म्हणजे दोर माणसांच्या गळ्याशी येत नाहीत. वायफाय बंद. सकाळी कॅमेरा चालू करून मगच काठी उभी करायची. वर गेल्यावर बटण दाबायला काठी हलवली की ती कितीतरी वेळ डुलत राहते. काठीपाशी एक माणूस उभा, आणि तो असा निवडायचा की ज्याचं पोर त्या सामन्यात नाही. दर दोन तासांनी कार्ड बदलून सगळे सामने एका लॅपटॉपवर, मोहोळवाल्यांनाही आणि काठीवाल्यांनाही, पेन ड्राइव्हवर.

काठीवाले काका यावर नाराज होतात. त्यांना त्यांच्या मुलीचा चेहरा हवा असतो, आणि वरून फक्त भांग दिसतो. त्यांनी मोबाइल हातात धरावा, छातीच्या उंचीवर. तेवढी उंची कुणाला लागत नाही.

उतरवताना सगळ्यांत जास्त घाई असते, कारण बक्षीस समारंभ सुरू झालेला असतो. चढवताना वरची बारीक नळी आधी ओढायची, हात पोचतोय तोवर, आणि मग खालच्या जाड नळ्या. उतरवताना याच्या उलट, खालचा खटका आधी, आतली नळी दुसऱ्या हाताने धरून. नाहीतर ती धाडकन खाली येते आणि मध्ये बोट असतं. "काय करलालास बे, धर की नीट!" हे वाक्य हॉलमध्ये याच वेळी ऐकू येतं. बांबूला हा त्रास नाही, पण तो रिक्षात मावत नाही. टपावर बांधला तर रिक्षावाला मागच्या टोकाला लाल फडकं बांधायला सांगतो, आणि ते बरोबर आहे. सोलापुरात लाल टॉवेलला तोटा नाही. तो स्पर्धा संपेपर्यंत बॅगेत ठेवायचा, एवढंच.