भरती संपाने थांबवली नाही

‘लाख-दीड लाख पगार घेणारे प्राध्यापक पगारवाढीसाठी संप करतात, संपाच्या काळातही घरी बसून पगार घेतात, त्यांच्यामुळे तिजोरी रिकामी होते आणि म्हणून नवी भरती बंद पडते. नेट-सेट झालेली पोरं त्यांच्यामुळेच बेकार आहेत.’ हा मजकूर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या मित्रांकडून आला. तिघेही नेट-सेटधारक, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा पास झालेले, तिघेही वर्षानुवर्षे जाहिरातीची वाट पाहणारे. मीही त्यांच्यातलीच. सेट झाले, पीएचडी झाली आणि आजही तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवते; जितके तास घेतले तितक्यांचेच पैसे मिळतात. हा मजकूर आमची बाजू घेतल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला उत्तर देणे मला भाग आहे.

आधी भरतीचेच बोलू. महाराष्ट्रात भरतीवरचे बंधन आले ते वित्त विभागाच्या २५ मे २०१७ च्या शासन निर्णयाने. पदांचा सुधारित आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदे हवीत याचा आराखडा, मंजूर होईपर्यंत रिक्त पदे भरायची नाहीत, असे त्यात होते. एमफुक्टो या राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाचा बेमुदत संप सुरू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे भरती थांबून सव्वा वर्ष उलटल्यावर. त्या संपाच्या प्रमुख मागण्यांतच रिक्त पदे भरा आणि सीएचबीवाल्यांना न्याय द्या, या मागण्या होत्या. संपानंतर, नोव्हेंबर २०१८ मध्ये, शासनाने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला परवानगी दिली. ती केवळ संपामुळे मिळाली असा दावा मी करणार नाही, पण संपाने भरती बंद पाडली म्हणणाऱ्याने या तारखा कशा लावायच्या ते सांगावे.

त्या ३,५८० चे पुढे काय झाले? निम्मीही भरून झाली नव्हती तोच ४ मे २०२० चा शासन निर्णय आला. करोनामुळे महसूल आटला, नवी भरती बंद. उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा परवानगी मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. २०२० च्या त्या बंदीमागे कुठला संप होता?

शिवाय परवानगी म्हणजे नेमणूक नव्हे. कार्यभार तपासून घ्यायचा, बिंदुनामावली, म्हणजे कुठले पद कुठल्या आरक्षित प्रवर्गाचे याची यादी, मंजूर करून घ्यायची, ना हरकत प्रमाणपत्र मिळवायचे, मग जाहिरात, मग निवड समिती, मग विद्यापीठाची मान्यता. यातल्या एकेका टेबलावर फाइल महिनोन्‌महिने पडते. संप सुरू असेल तर विषयतज्ज्ञ मुलाखतीला येत नाहीत आणि तारीख पुढे जाते, हे मान्य. पण त्याने काही आठवडे जातात, वर्षे जात नाहीत.

आता तिजोरीचे. सातव्या वेतन आयोगाने सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये झाले. राज्यात तो निर्णय मार्च २०१९ मध्ये निघाला. हा भार येणार हे शासनाला आधीच ठाऊक होते, त्यामुळे २०१७ मध्ये हात आखडता घेताना तोही हिशोब डोक्यात असेल, हे मी नाकारत नाही. पण तो भार वेतन आयोगाचा आहे. आयोग सगळ्याच सरकारी कर्मचाऱ्यांना लागू होतो, संप होवो वा न होवो.

खरा हिशोब रिकाम्या खुर्चीचा आहे. एका पूर्णवेळ पदाच्या जागी दोन सीएचबी, प्रत्येकाला आठवड्याला नऊ तास. २०१८ च्या दराने पदवी वर्गाला तासाला ५०० रुपये. महिन्याला ३६ तास धरले तर एकाचे १८,००० आणि दोघांचे ३६,०००, तेही शिकवलेल्या महिन्यांपुरते. नऊ महिने धरले तर वर्षाला ३,२४,०००. पूर्णवेळ प्राध्यापकाचे नुसते मूळ वेतनच वर्षाला ६,९२,४०० होते. महागाई भत्ता, घरभाडे, सुट्ट्या वेगळ्या. म्हणजे त्या दराने पद रिकामे ठेवले की निम्म्याहून कमी पैशांत वर्ग चालायचा. जानेवारी २०१९ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, अतिथी म्हणजे तासावर शिकवणाऱ्या अध्यापकांसाठी व्याख्यानाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० असा दर सांगितला. कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, हे तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतच आहे. माझ्या विभागात चारपैकी तीन जण सीएचबी आहोत.

‘घरी बसून पगार’ हेही तपासू. फेब्रुवारी ते मे २०१३ या काळात प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. वर्ग चालू होते, परीक्षेचे काम बंद होते. त्यात विद्यार्थ्यांचे हाल झाले, ते कुणी लपवू नये. पण शासनाने त्याबद्दल ७१ दिवसांचा पगार रोखला आणि २०१८ च्या संपातही तो परत द्या ही मागणी करावी लागली. घरी बसून पगार घेणाऱ्याला अशी मागणी का करावी लागेल?

संघटनांवर माझा राग आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचा. २०१३ च्या बहिष्कारात नेट-सेट नसलेल्या जुन्या अध्यापकांचा प्रश्न पुढे होता, नेट-सेट असून दारात उभ्या असलेल्यांचा नव्हता. आणि २०१८ च्या संपात आमचे जे तास बुडाले, त्यांचे पैसे मला मिळाले नाहीत. कायम प्राध्यापकांच्या रोखलेल्या पगारासाठी भांडणारी संघटना होती, आमच्या बुडालेल्या तासांसाठी कुणी नव्हते. पुढच्या मागणीपत्रात ते तास यावेत, हे मी आमच्या कॉलेजातल्या प्रतिनिधींना लिहून दिले आहे.