एसटीतले आबा आणि पाण्याचे आबा

गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की इंग्लंडातली आम्ही मराठी मंडळी हळवी होतो. सांगोल्याचे आबा, 1962 पासून अकरा वेळा आमदार, आणि फिरायला एसटी! 2022 मध्ये त्यांच्याच मतदारसंघाचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून ‘काय झाडी, काय डोंगार’ म्हणाले, तेव्हापासून तर ही तुलना थांबायलाच तयार नाही. एकीकडे लाल डबा, दुसरीकडे हाटील.

मला या कौतुकाचा आता कंटाळा आलाय. इथे खासदार रेल्वेने आला तर कोणी वळून बघत नाही. इथले लोक फार सात्त्विक आहेत म्हणून नव्हे. 2009 मध्ये खासदारांच्या खर्चाचा घोटाळा उघड झाला, मग त्यावर स्वतंत्र संस्था नेमली गेली आणि आता कोणी कशाचे पैसे मागितले ते घरबसल्या वाचता येतं. साधेपणा तपासायची सोय आपल्याकडे नाही, म्हणून आपण त्याची आरती करतो. (पक्ष बदलण्यात मात्र इथले काही कमी नाहीत. बाक बदलला तरी खासदारकी शाबूत राहते, पक्षांतरबंदी कायदाच नाही.)

एसटीच्या गोष्टीत खरे आबा हरवतात. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात आबांच्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) एकेक मोठे नेते काँग्रेसमध्ये गेले, आबा राहिले. 1972 आणि 1995 ला पडले, तरी तिथेच. दोनदा मंत्री झाले, 1978 ला आणि 1999 ला, पण बहुतेक सगळी कारकीर्द विरोधी बाकावर. तिथे बसून दुष्काळी तालुक्यासाठी काय मिळतं? कापूस न पिकणाऱ्या सांगोल्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि नीट चालवली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून कृष्णेच्या पाण्यावर दुष्काळी तालुक्यांचा हक्क सांगितला. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी या भागात आलं त्यामागे वर्षानुवर्षं निवेदनं, मोर्चे, सभागृहातले प्रश्न असं चिकट काम आहे. त्याचा फोटो निघत नाही, म्हणून ते फॉरवर्डही होत नाही.

आणि त्यांच्यावर टीका करायची तर तीही कामावरूनच करावी. इथल्या बोल्सोव्हर मतदारसंघाचे डेनिस स्किनर खाणकामगार होते. 1970 पासून मजूर पक्षाचे खासदार, 2019 मध्ये पडले. त्याच वर्षी आबा वयोमानामुळे थांबले, नातू अनिकेत उभे राहिले आणि 768 मतांनी हरले. 2021 मध्ये आबा गेले. 2024 मध्ये दोन्ही जागा परत आल्या. सांगोल्यात दुसरे नातू डॉ. बाबासाहेब जिंकले, शेकापचे विधानसभेतले एकमेव आमदार म्हणून. बोल्सोव्हरला मजूर पक्षाच्या नॅटली फ्लीट जिंकल्या, स्किनर घराण्याशी त्यांचं काही नातं नाही. बाबासाहेबांच्या पात्रतेवर माझा आक्षेप नाही. पण कार्यकर्त्यांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या पक्षात, अर्ध्या शतकानंतर, घराबाहेरचं एक नाव लोकांपुढे आणता येऊ नये? आबांच्या चाहत्यांनी, मीही त्यातलाच, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच विचारायला हवा होता.