हँडसेटला घाबरता आणि बेस कापसाच्या ढिगाला टेकवून ठेवता!

संताप येतो मला. घरात कॉर्डलेस फोन आला की गावातला जो तो सल्ला द्यायला धावतो. "कानाला लावून जास्त बोलू नको, लहरी डोक्यात जाते." "पोटुशी सुनेजवळ ठेवू नका." "रातच्याले उशाशी नको." हा सगळा सल्ला हातातल्या हँडसेटबद्दल, ज्याच्या पोटात मिळून दोन-अडीच व्होल्ट देणारे दोन बारके सेल असतात. आणि सल्ला देणारा ज्या खुर्चीवर बसलेला असतो, तिच्याच मागे अ‍ॅडॅप्टरची पिन तुटली म्हणून वायर सोलून दोन उघडी टोकं सॉकेटात खुपसलेली असतात, माचिसच्या काड्या ठोकून. ते कोणाला दिसत नाही. रांगतं लेकरू त्या बोर्डाखाली खेळत असतं, तेही दिसत नाही.

आजकालचा डिजिटल कॉर्डलेस बोलताना सरासरी 10 मिलिवॅटच्या आसपास ताकदीने लहरी सोडतो. रेंज कमी असली की मोबाइल त्याच्या कित्येक पट जोर लावतो, आणि आमच्याकडे रेंज कमीच असते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हँडसेट वरच्या खिशात ठेवू नये, दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा, एवढं मात्र पाळलंच पाहिजे. बाकी भीती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे. धोका बेसमध्ये आहे, म्हणजे ज्या डब्यावर हँडसेट चार्जिंगला ठेवतो त्यात. त्या बेसला दोन वायरी येतात, एक लाइटची, एक टेलिफोनची. आमच्याकडे दोन्ही खांबावरून, उघड्या आभाळाखालून घरात शिरतात. दोन्हीपैकी एकीचाही भरवसा नाही, आणि हे बोलून दाखवलं की मीच भित्री ठरते.

मोबाइल असताना घरचा फोन कशाला, असं शहरातले नातेवाईक विचारतात. त्यांनी येऊन राहावं इथे. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, आत रेंज नाही. लाइट गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी बसते, मग अंगणातही रेंज नाही. आत्याबाईंचे गुडघे गेलेले, घंटी वाजली की उठून पोचेपर्यंत ती थांबलेली असते, म्हणून त्यांच्या खाटेशी कॉर्डलेस. चैन म्हणून नाही घेतला.

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात या. भाव पडलेला, म्हणून कापूस विकत नाहीत. मग तो जातो कुठे? समोरच्या खोलीत, आढ्यापर्यंत. ज्या खोलीत कापूस त्याच खोलीत फोन, कारण फोनची वायर त्याच भिंतीतून आत आलेली. अ‍ॅडॅप्टर बोर्डात दिवसरात्र चालू, हात लावला तर गरम, आणि त्याच्या कडांना कापसाचे पुंजके चिकटलेले. हे मी एका घरी नाही, घरोघरी बघते. परवा चुलतदिराला म्हटलं, भाऊजी, हा फोन कापसापासून दूर घ्या. उत्तर आलं, "काई होत नाही वो वहिनी, बारका तं अ‍ॅडॅप्टर हाय."

बारका! कापूस पेटायला भट्टी लागत नाही, ठिणगी पुरते. वरून विझला असं वाटलं तरी आतल्या आत धुमसत राहतो आणि रात्री पुन्हा पेट घेतो. त्या खोलीत विडी ओढायला कोणाला मुभा नाही. पाहुणा असो की मजूर, विडी काढली की त्याला अंगणात पाठवतात. आणि चोवीस तास गरम होणारी वस्तू मात्र वर्षाच्या कमाईला टेकवून ठेवतात. ती एक वायर दहा हात लांब ओढून ओसरीत बेस लावायला किती खर्च येतो? बोंडअळीच्या एका फवारणीपेक्षा कमी.

आणि अ‍ॅडॅप्टर जळायला निमित्त तरी कितीसं लागतं? वारं-वावधान आलं, डीपीकडून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरकडून येणारी न्यूट्रलची तार तुटली, की 230 व्होल्टच्या जागी घरात 400 च्या जवळपास चढतात. बल्ब फटाफट उडतात, टीव्ही जातो, पंख्यातून धूर निघतो. टीव्हीसाठी आठ दिवस हळहळ. अ‍ॅडॅप्टरचं प्लास्टिक मात्र मऊ पडून वाकडं झालं, जळका वास आला, तरी त्याला चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा तोच लावतात.

दुकानदारांचं तर काय सांगू. तालुक्याला जाऊन मूळ अ‍ॅडॅप्टरसारखा मागा. समोरचा डब्यात हात घालतो, एक गुंता काढतो, त्यातला एक सोडवून देतो. "कोणताई लावा नं ताई, पिन बसली का झालं." पिन बसली की झालं नाही! अ‍ॅडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, किती व्होल्ट, एसी की डीसी, किती मिलिअँपिअर, आणि मधल्या टिंबाला अधिक की उणे. सहाच्या जागी नऊ व्होल्टचा लावला तर बेस तापतो, अधिक-उणे उलटं झालं तर जागेवर मरतो, कमी क्षमतेचा लावला तर अ‍ॅडॅप्टरच जळतो. हे ज्याला वाचता येत नाही त्याने हा धंदा करू नये. ज्याला वाचता येतं आणि तरी देतो, त्याला काय म्हणावं ते मला इथे लिहिता येत नाही.

तसाच राग अमेरिकेहून फोन पाठवणाऱ्यांचा. मायेने पाठवतात, मान्य. पण तिथली लाइट 120 व्होल्टची. तिथला अ‍ॅडॅप्टर पाठीवर न वाचता आमच्या सॉकेटात गेला की गेलाच. बरं, अ‍ॅडॅप्टर बदलला तरी तिथला डेक्ट 6.0 म्हणून विकला जाणारा सेट 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतो, आणि तो पट्टा आपल्याकडे मोबाइलवाल्यांचा आहे. म्हणजे आधीच नसलेल्या रेंजमध्ये आणखी खोडा. मोबाइल चालत नाही म्हणून टॉवरला शिव्या घालायच्या आणि घरात तो सेट मिरवायचा, असली घरं आहेत.

मग सेल. हँडसेटमधले सेल चार्ज होणारे असतात, 1.2 व्होल्टचे, त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं. दोन-तीन वर्षांत ते थकतात, दहा मिनिटांत फोन टूं-टूं करायला लागतो. तेव्हा किराणा दुकानातून घड्याळाचे सेल आणून त्यात कोंबतात. मापाने बसतात, फोनही लागतो, सगळे खूश. आणि मग तो हँडसेट बेसवर ठेवतात. साधे सेल चार्ज करायचे नसतात, अहो! आत वायू धरतो, ते फुगतात, गळतात, कधी फुटतात. अल्कलाइन सेलमधून जो पातळ पदार्थ गळतो तो कातडी आणि डोळे भाजणारा क्षार आहे. हँडसेट दिवसभर आत्याबाईंच्या उशाशी असतो. त्यांच्या डोळ्याशी! ज्याने हे सेल टाकले त्याला मी सोडलं नाही, पाहुणा असला म्हणून काय झालं. आणि जुने सेल चुलीत टाकणारे वेगळेच. फुटतात म्हणून पोरं मुद्दाम टाकतात आणि मोठी माणसं हसत बघतात.

आता विजेचं. इथे माझा आवाज चढतोच, चढू द्या. उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विदर्भात वीज पडून माणसं जातात, बैल जातात, दर वर्षी. वावरात असताना झाडाखाली थांबू नका हे आता बऱ्याच जणांना कळलं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, जवळपास विजा पडताहेत का ते मोबाइलवर सांगतं, पण त्याला नेट लागतं. नेट नसलं तर कान आहेत. चमकल्यापासून गडगडेपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे, घरात या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका.

घरात आल्यावर काय करतात? कडकडाट झाला की कॉर्डलेसचा हँडसेट दूर फेकल्यासारखा ठेवून देतात, "त्यात करंट येतो" म्हणून, आणि निरोप द्यायचा राहिला म्हणून धावत जाऊन वायरवाला जुना फोन उचलतात. नेमकं उलटं! वीज दूर खांबाजवळ पडली तरी तिचा झटका तारेवरून घरात येतो. वायरवाला फोन कानाला म्हणजे ती तार कानाला. हँडसेटला तार नाही, अगदीच गरज पडली तर बेसपासून लांब उभं राहून त्यावर बोलता येतं. फोनसोबतच्या कागदावरसुद्धा वादळात फोन वापरू नका असं लिहून पुढे कॉर्डलेस सोडून असं म्हटलेलं असतं. पण तो कागद वाचतो कोण?

बेसला मात्र त्या वेळी हातही लावायचा नाही, कारण लाइटची तार आणि फोनची तार दोन्ही त्या एवढ्याशा डब्यात येऊन भेटतात. एकीवरून आलेला झटका डब्यातूनच दुसरीकडे उडी मारतो. म्हणून आभाळ भरून आलं की दोन्ही काढायचं, अ‍ॅडॅप्टरही आणि फोनची क्लिपही. लोक एकच काढतात. आणि कडकडाट डोक्यावर आल्यावर काढायला धावतात, तेव्हा नाही काढायचं, तेव्हा दूर बसायचं!

फोनच्या तारेला झटका अडवणारी डबी बसवून मिळते. बसवली. पण ती झटका पाठवणार कुठे? जमिनीत. आणि अर्थिंग कुठे आहे? घर बांधताना खड्डा खणला, कोळसा-मीठ टाकलं, तार सोडली, त्यानंतर त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. आमची काळी माती मे महिन्यात अशी तडकते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. त्या कोरड्या भेगेत लोंबणारी तार काय कामाची? उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायचं असतं. मी ओतते तर शेजारीण विचारते, "झाड लावलं का वो?"

उन्हाचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. बहुतेक सेटच्या पुस्तिकेत 40 अंशांपर्यंत वापरा असं असतं. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, कुठेही मे महिन्यात सावलीतला पारा 45 ला टेकतो. टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. तिथे खिडकीत बेस ठेवायचा नाही, एवढं साधं. तर लोक त्याला थंड जागा शोधतात आणि ठेवतात कुठे? कुलरवर! ओल्या ताट्या, गळणारं पाणी, लोखंडी टप, आणि वर लाइटला जोडलेला फोन. कुलरच्या टपाला करंट येऊन माणसं मेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायच्या, चुकचुकायचं, आणि ओल्या हाताने त्याच कुलरवरचा फोन उचलायचा. माझी वाचा बसते.

सैपाकघरातही नको हा बेस. गॅस गळाल्याचा वास आला तर तिथे कोणताच फोन उचलायचा नाही, बटण चालू-बंद करायचं नाही, अ‍ॅडॅप्टर उपटायचा नाही. बाहेर जाऊन दुसऱ्याच्या घरून 1906 ला लावायचा.

आणि सगळ्यात जास्त चीड येते ती लाइट गेल्यावर. बेसला लाइट नाही म्हणजे कॉर्डलेस बंद. पूर्ण बंद. मामाजींना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा बाहेर वावधान, लाइट नाही, टॉवर नाही. माझ्या माहेरचा जुना वायरवाला फोन मी कपाटात जपून ठेवला होता, "कचरा फेक" असं दहा वेळा ऐकून. जोरदार कडकडाट थोडा लांब गेल्यावर तो जोडला, 108 लागला, गाडी आली. तांब्याच्या तारेवर टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधूनच 48 व्होल्ट येतात, म्हणून घरची लाइट नसली तरी तो फोन चालतो. हे विकणाऱ्याने सांगितलं? नाही. जोडणाऱ्याने? नाही. जोडायला आलेला पोरगा तर वायर दाताने सोलत होता. घंटी आली की त्याच तारेवर 75 व्होल्टच्या वर चढतात, आणि हा दाताने सोलतो!

आता तांब्याची तार काढून फायबर टाकत चालले आहेत. टाका. पण फायबरमधून वीज येत नाही, भिंतीवरच्या मोडेमला घरचीच लाइट लागते. म्हणजे आता लाइट गेली की वायरवाला फोनही मुका. हे सांगायची जबाबदारी कोणाची? त्या मोडेमला छोटा बॅटरी-बॅकअप लागतो, हे घरात म्हातारी माणसं दिसत असताना एक शब्दाने तरी सांगायचं! आलेला माणूस स्पीड दाखवतो, सही घेतो, जातो.

सोबतचा सूचनांचा कागद इंग्रजीत, कीटकनाशकाच्या चिठ्ठीपेक्षा बारीक अक्षरांत. त्यात बाथटब आणि स्विमिंग पूलजवळ फोन वापरू नका असं लिहिलेलं. आमच्याकडे न्हाणी आहे, कुलर आहे, कापसाची खोली आहे, टिनाचं छप्पर आहे. त्यांच्याबद्दल मराठीत एक ओळ नाही, आणि पैसे मात्र पूर्ण घेतात.

पुढच्या वेळी दुकानात गेले की मी बिलावर अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट आणि अधिक-उणे लिहून घेणार आहे, दुकानदाराच्या सहीनिशी. सही देत नसेल तर पैसे मिळणार नाहीत. आणि भाऊजींचा बेस मी रविवारी स्वतः जाऊन ओसरीत लावून देणार आहे, पंधरा फूट वायर आणून ठेवली आहे. त्यांना आवडो न आवडो.