एक लिटर म्हणजे एक लिटर

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय तृतीया, झाली की माझ्या मेडिकलवर एक ठरलेली गर्दी सुरू होते. माहेरवाशिणी लेकरं घेऊन आलेल्या असतात, घरोघरी आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे आणि प्यायचं पाणी टिपात साठवलेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणाचं ना कुणाचं लेकरू पातळ संडास करायला लागतं. मग त्याचा मामा येतो आणि मोटारसायकल बंद न करताच ओरडतो, "भाऊ, पोरले जुलाब लागनात, थंडं ओआरएस दे!"

थंडं ओआरएस म्हणजे फ्रीजमधला फळाच्या चवीचा खोका. मी तो कितीतरी वर्षं विकला, कबूल करतो. मार्जिन चांगलं, पोरं आवडीनं पितात, आई खूश. मी डी.फार्म झालेला माणूस, खोक्यावरचा साखरेचा आकडा मला वाचता येत नव्हता असं थोडंच आहे? वाचायचा नव्हता.

जुलाबात पाणी आणि क्षार दोन्ही वाहून जातात. ग्लुकोज आणि सोडियम बेताच्या प्रमाणात पोटात गेले तर आतडं दोघांना जोडीनं आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. साखर जास्त झाली की उलटं होतं, अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून खऱ्या ओआरएसच्या, म्हणजे पाण्यात घोळायच्या मीठ-साखरेच्या, लिटरच्या पुडीत ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं आणि मीठ 2.6 ग्रॅम. अशा गोड पेयांवर ओआरएस ही अक्षरं नकोत म्हणून हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं भांडल्या, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ती लेबलं बंद केली. बाई एकटी भांडत होती तेव्हा आम्ही दुकानदार खोके थंड करत होतो.

पण पुडी दिली म्हणजे काम झालं, असंही नाही. दोन वर्षांपूर्वी एका आजीनं लिटरची अख्खी पुडी अर्ध्या ग्लासात घोळून आठ महिन्यांच्या नातीला पाजली. "घट्ट असलं म्हणजे ताकद येते," असं तिचं म्हणणं. पोरगी आणखीच तहानलेली, चिडचिडी झाली, शेवटी जळगावला न्यावी लागली. वाचली. एवढं मीठ एकदम अंगात गेलं तर लेकराला झटके येऊ शकतात. चूक आजीची नव्हतीच. पुडी मी दिली होती आणि कशात घोळायची ते सांगितलं नव्हतं. बाजारात एका ग्लासाची छोटी पुडीही मिळते, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. आता काउंटरवर लिटरची रिकामी बाटली ठेवतो आणि पुडीसोबत दाखवतो. लोक हसतात. हसू द्या.

दुसरं वेड सलाईनचं. "बाटली लावली म्हणजे तरतरी येते." ज्या लेकराला चमच्यानं पाजता येतं, त्याच्या नाजूक हातात सुई खुपसायची गरज बहुतेक वेळा नसते. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि रुग्णांच्या घरच्यांनाच पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्याही खाली आलं. 2023 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेही मरणोत्तर. आमच्याकडे मात्र ज्या डॉक्टरनं नुसती पुडी लिहून दिली, त्याला "काहीच केलं नाही" म्हणतात. मग बिचारा डॉक्टरही सुई काढतो.

आणि टाळू. जुलाबात तान्ह्याची टाळू खोल गेली की घरातल्या बाया तिथं तेल भरत बसतात. अहो, अंगातलं पाणी आटल्यामुळे ती खोल गेलीय, तेल जाऊन जाऊन जाणार कुठं? डोळे आत गेलेले, रडताना पाणी नाही, सहा-सहा तास लघवी नाही, पोटाची चिमूट सोडली तरी कातडी हळू बसते, लेकरू मलूल पडलंय, पाजलेलं सगळं उलटतंय किंवा शीमध्ये रक्त आहे, यातलं काहीही दिसलं तर माझ्या दुकानात थांबूच नका, सरळ दवाखाना गाठा. अशा लेकराला खरोखर सलाईन लागू शकतं. आणि "दात येताहेत" म्हणून दोन दिवस वाट बघू नका. दात जुलाब आणत नाहीत.

बाकीच्यांना दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. आईचं दूध तोडायचं नाही, शेजारीण काहीही सांगो. घोळलेलं पाणी 24 तासांनंतर फेकून द्यायचं. सहा महिन्यांवरच्या लेकराला डॉक्टर झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी देतात, रोज एक, 14 दिवस. आशाताईंकडे पुडी आणि गोळी दोन्ही फुकट मिळतात, हे मेडिकलवाला सांगतोय. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यामागे जाते, तो भाग वेगळा.

परवा त्या पेयाच्या कंपनीचा पोऱ्या नवा खोका घेऊन आला. तीच चव, तेच फळाचं चित्र, फक्त तीन अक्षरं गेलेली. "भाऊ, फ्रीजमध्ये पुढंच ठेवा," म्हणाला. मी त्याला लिटरची रिकामी बाटली दाखवली. त्याला वाटलं, मी पाणी मागतोय.