प्रतिक्रियेला उत्तर: नाव डायना, पण बनली स्कॉटलंडला

नमस्कार, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की विंचेस्टर ४२७ या अमेरिकी नावाच्या एअर रायफलला मी जर्मन डायना म्हणतो आणि तुमच्या आजोबांच्या बंदुकीवर सरळसरळ 'डायना' कोरलंय तरी ती जर्मन नाही म्हणतो, म्हणजे मी उलटंच सांगतोय. दिसतं उलटंच, पण खरंय ते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या रास्टाटच्या, म्हणजे मूळ डायना बनवणाऱ्या कारखान्याची मशिनरी आणि डायना हे नाव, दोन्ही युद्धभरपाईत गेलं आणि स्कॉटलंडमधल्या मदरवेलच्या मिलब्रो कंपनीकडे आलं. त्यामुळे धनुष्य फेकून देऊन बंदूक उंच धरलेली ती देवी, तोच छाप, पण शेजारी 'मेड इन ग्रेट ब्रिटन' असेल तर बंदूक मिलब्रोची. रास्टाटवाल्यांनी १९५० मध्ये पुन्हा काम सुरू केलं, पण ब्रिटनमध्ये स्वतःचंच नाव वापरता येईना म्हणून तिथे 'ओरिजिनल' असं कोरून विकायला लागले, अमेरिकेत त्यांचीच २७ नंबरच्या मॉडेलची बंदूक कधी हाय-स्कोअर ८०७ झाली, कधी विंचेस्टर ४२७. म्हणून मी म्हणतो की नावावर जाऊ नका, बनावट बघा. आणि आजोबांची बंदूक मिलब्रोची निघाली म्हणून कमी प्रतीची होत नाही, तिचाही स्वतःचा इतिहास आहे आणि तो मला फार आवडतो.

तारखेबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, चूक माझी. नळकांड्यावर (स्प्रिंग आणि पिस्टन ज्यात असतात ती नळी, बॅरल नव्हे) मागच्या बाजूला बारीक '०५ ७१' असं असेल तर तो मे १९७१, पण तो त्या नळकांड्याचा, स्टॉक, बॅरल नंतर बदललेलं असू शकतं, आणि मी सरसकट 'बंदुकीची तारीख' लिहून मोकळा झालो. पोस्टमध्ये दुरुस्ती करतोय. पंचकोनात इंग्रजी एफ (F) अक्षर कोरलेलं असेल तर ती १९७० च्या आधीची नाही, पण नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही कारण हा शिक्का जर्मनीतल्या साडेसात ज्यूल ताकदीच्या मर्यादेसाठी होता, बाहेर पाठवलेल्या मालावर तो बहुतेक नसायचा.

एक विनंती. ट्रिगर बघायला म्हणून बंदूक घरी उघडू नका. स्प्रिंग आतमध्ये दाबून बसवलेली असते, अंगावर येते. शिवाय युद्धानंतरच्या जर्मन २७ मध्ये पिस्टनची दांडी सायकलच्या हबमध्ये असतात तशा तीन छर्‍यांनी अडकवलेली असते, चाप ओढला की ते बाजूला सरकतात आणि पिस्टन सुटतो. त्यातला एक घरंगळला की तेवढ्या मापाचा शोधत फिरावं लागतं. आधी नळकांड्याच्या वरच्या बाजूचा आणि मागच्या टोकाचा उजेडात काढलेला फोटो पाठवा, मग बोलू.